ताक वाढेपर्यंत

तंजावरात मराठी आपल्या चार घरांपलीकडे कुणाला कळत नाही, या एका भरवशावर मी जन्मभर तोंड सैल सोडलं. भाजीवाल्यासमोर त्याच्या वांग्यांना नावं ठेवली, लग्नात विहिणीसमोर तिच्या साडीला, डॉक्टरसमोर डॉक्टरला... आणि लगेच तमिळमध्ये हसून त्यांची ख्यालीखुशाली विचारली. आमच्याकडची सगळीच मराठी घरं हे करतात. दुकानात भाव ठरवायचा झाला की नवरा-बायको गुपचूप मराठीत शिरतात. माझं मात्र एकदा चुकलं, आणि ते निस्तरलं माझ्या धाकट्या भावाने, राघूने. तेव्हा मी वयाने लहान होते म्हणा. जेमतेम अडुसष्ट. त्या वयात अक्कल कुठून असायची.

राघूला जाऊन आता महिना उलटला. चेन्नईत बास्केटबॉल संघाच्या यंदाच्या करारांच्या सह्या उरकून तो रात्रीच्या गाडीने घरी निघाला होता. पापनाशम स्टेशन मागे पडल्यावर शेजारच्या प्रवाशाने, "सार, तंजावर आलं," म्हणून त्याला हलवलं, तर तो... उठला नाही. मी इकडे त्याच्यासाठी कॉफीचं डिकॉक्शन उतरवून बसले होते. त्या अनोळखी माणसाने फोनवर इतक्या सांभाळून सांगितलं, की मी त्यालाच विचारलं, "तुमची कॉफी झाली का?" अशा वेळी माणूस काय बोलेल याचा नेम नाही. निदान माझा तरी नाही.

आमचा राघू, म्हणजे राघवेंद्र राव, बास्केटबॉलच्या जोरावरच बँकेत लागला होता. बँकेच्या संघातून खेळला, गुडघा गेल्यावर त्याच संघाचा मॅनेजर झाला. लग्न केलं नाही. निवृत्त होऊन माझ्याकडे तंजावरात, मानंबुचावडीत राहायला आला, आणि आता दोघं मिळून म्हातारे होऊ असं मी मनात धरलं, तेवढ्यात व्यावसायिक लीगमधल्या एका संघाने त्याला बोलावून घेतलं. काम काय, तर खेळाडूंचे करार करायचे. मी म्हटलं, "मालक गडगंज आहे. ज्याला जे हवं ते देऊन टाकावं. त्यात तुझं काय काम?" तो म्हणाला, "अक्का, लीगने प्रत्येक संघाला एकाच मापाचं पातेलं दिलंय. मालकाच्या कोठीत तांदूळ किती का असेना, भात शिजवायचा तो या पातेल्यात मावेल तेवढाच. आणि त्यात बारा जणांची पंगत उठवायची." त्या पातेल्याला ते लोक सॅलरी कॅप म्हणतात. मोठ्या खेळाडूच्या पानात मोठी मूद पडली की बाकीच्यांना तेवढी कमी. नवख्या पोरांना किमान पगार. कुणाला आज कमी देऊन पुढच्या वर्षी जास्त असा लांबचा करार. आणि ज्याला हमीचा करार दिला, त्याला अर्ध्यातून घरी पाठवलं तरी त्याचा पगार पातेल्यातली जागा अडवून बसतो. "म्हणजे उठून गेलेल्याचं पान काढायचंच नाही?" मी विचारलं. "करार संपेपर्यंत नाही," तो म्हणाला. मी चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, पण असलं गणित मुलांना घातलं नाही. त्यांचे आईबाप भांडायला आले असते.

करारांचे दिवस आले की खेळाडू आणि त्यांचे एजंट आमच्या घरी जेवायला येत. हॉटेलात माणसं फुशारक्या मारतात, केळीच्या पानावर बसली की निवतात, असं राघूचं मत. त्याचा एकच नियम होता. जेवणाच्या शेवटी ताक वाढेपर्यंत पैशाचा विषय काढायचा नाही. तोवर मी वाढता वाढता पाहुणे निरखायचे आणि मराठीत निकाल द्यायचे. "हा तिसऱ्यांदा रस्सम मागतोय, राहील इथेच." "याचा डोळा सारखा फोनवर, दुसरीकडे बोलणी चालू आहेत वाटतं." राघू चेहरा असा ठेवायचा जणू मी मिठाचं विचारते आहे, आणि मराठीतच म्हणायचा, "बरं, अजून थोडं वाढ त्याला." माझे अंदाज बऱ्याचदा खरे निघत. मग काय, हा संघ खरा मीच चालवते असं मला वाटायला लागलं. चेंडू टोपलीतून खाली कसा पडतो, तिला बूड का नसतं, हे मी त्याच सुमारास राघूला विचारलं होतं, हे सोडा.

त्या संघाचा कप्तान सेल्वम. ओरत्तनाडूचा, चौतिशीला आलेला. एका वर्षी लांबून चेंडू टाकणारा एक चांगला खेळाडू पातेल्यात बसेना, तेव्हा सेल्वमने आपणहून कमी पगार घेतला. पुढच्या वर्षी भरून देतो, असं राघू बोलला नाही, कारण कागदाबाहेर शब्द द्यायला लीगची बंदी. सेल्वमने फक्त त्याच्याकडे पाहिलं आणि राघूने मान हलवली. मी ताक ओतत होते, मी पाहिलं. सेल्वमला फार काही नको होतं. शेवटची दोन वर्षं याच संघातून मानाने खेळून थांबायचं होतं. पुढच्या वर्षी राघूने त्याच्यापुरती जागा राखून ठेवली, आणि उरलेल्यात एक उंच पंजाबी खेळाडू बसवायचा बेत केला.

तो पंजाबी मुलगा आपल्या एजंटला घेऊन जेवायला आला. एजंटचं नाव जोसेफ, तमिळ अगदी मद्रासच्या रस्त्यावरचं. त्या दिवशी मी वांगीबाथ केला होता, उडदाच्या पिठाची डांगर पच्चडी केली होती, आणि पाय सकाळपासून भरून आले होते. दोघंही सावकाश जेवत होते. जोसेफ मोठ्या देवळाच्या कळसाची चौकशी करत होता, एक वाजून गेला तरी गाडी ताकावर येईना. माझा धीर सुटला. डाव हातात धरून मी मराठीत राघूला म्हटलं, "अरे, सेल्वमचं धरून तुझ्याकडे एवढे आहेत ना?" आणि आकडा बोलले. पूर्ण आकडा. "मग या लांबड्याला देऊन टाक थोडे जास्त आणि उठव दोघांना. माझे पाय गेले."

राघूचा घास हातात राहिला. त्याने बहुधा ओळखलं. मी नाही ओळखलं, मी ताक आणायला गेले. जोसेफने ताक प्यायलं, तोंड पुसलं, आणि माझ्याहून शुद्ध मराठीत म्हणाला, "आजी, डांगर झकास झालंय. खडकीत आमच्या शेजारच्या काकू असंच करायच्या." मग राघूकडे वळून, "राव सार, तो सगळा आकडा आम्हाला चालेल." त्याचे वडील खडकीच्या कारखान्यात होते. हा मराठी शाळेत शिकलेला. मला जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं, पण आमच्याकडची जमीन सिमेंटची.

वरचा आकडा कळल्यावर खाली कोण उतरतो. राघूने दोन दिवस फोनवर घासाघीस केली. दुसरा संघ त्या मुलाच्या मागे होता, नोंदणीची मुदत संपत आली होती, तेवढ्या उंचीचा दुसरा कुणी मिळत नव्हता. शेवटी सेल्वमची जागा त्याला गेली आणि सेल्वमसाठी उरला तो नवख्या पोरांचा किमान पगार. मालकाने तोडगा सुचवला, की सेल्वमच्या बायकोला आपल्या शोरूममध्ये नोकरीवर दाखवू, फरक तिकडून देऊ. राघू नाही म्हणाला. मी भांडले, "घे की. जातंय काय तुझं?" तो म्हणाला, "मग सगळेच संघ कप्तानांच्या बायका नोकरीला ठेवतील. मला कशाला ठेवलंय मग?" त्याचा आवाज चढलेला नव्हता. फार थकलेला होता.

बसने ओरत्तनाडूला जाऊन त्याने सेल्वमला स्वतः सांगितलं. "जमलं नाही," एवढंच. सेल्वम भांडला नाही. आत गेला, शर्ट चढवून आला, मला उशीर होतोय म्हणाला आणि निघून गेला. किमान पगारावर तो आला नाही, दुसऱ्या संघातही गेला नाही. त्याचा खेळ तिथेच थांबला. नंतर त्याने शाळेच्या मुलांना शिकवायला घेतलं.

मी राघूला म्हटलं, "त्याला सांग, माझ्यामुळे झालं."

"सही माझी आहे."

"पण तोंड माझं होतं."

"अक्का, घरात आकडा मी बोललो, पाहुणे मी आणले. तू यात पडू नकोस. गप्प राहा."

आणि मी गप्प राहिले. आयुष्यात भावाचं ऐकलं ते या एकाच बाबतीत, आणि तेही सोयीचं होतं म्हणून.

त्यानंतर राघूने कुणाला घरी जेवायला आणलं नाही. करार चेन्नईच्या हॉटेलांत व्हायला लागले. दर वर्षी तो परतायचा तो आधीपेक्षा जास्त वाकून. "झालं का सगळं?" विचारलं की म्हणायचा, "मावले." सेल्वमच्या शाळेचा संघ तंजावरला खेळायला आला की हा मैदानावर जाऊन जाळीबाहेर उभा राहायचा. सेल्वमला दिसायचा. सेल्वम पाठ फिरवायचा. घरी येऊन राघू चप्पल काढता काढता सांगायचा, "पोरं पास छान देतात त्याची," आणि जेवण न मागता आडवा व्हायचा. मी पंखा लावायचे आणि ओरत्तनाडूची बस धरायचं उद्यावर टाकायचे. पाऊण तासाचा तर रस्ता.

तेराव्यानंतरच्या आठवड्यात सेल्वम आला. केस पिकलेत. फोटोला नमस्कार केला आणि खुर्चीत न बसता ओसरीच्या पायरीवर बसला. मी कॉफी दिली. मग त्याला सगळं सांगितलं, तमिळमध्ये, काही न गाळता. त्याच्यासाठी राखलेली जागा, जोसेफ, डांगर, माझे पाय, मी मोठ्याने बोललेला आकडा. तो ऐकत होता. कॉफीवर साय धरली. टंबलर तसाच खाली ठेवून म्हणाला, "अम्मा, हे राव सार असताना सांगायचं होतं. मी त्यांना भेटायला आलो असतो."