मिनिटताईचा बाक

गाडीतळाच्या भिंतीवर एक मोठं घड्याळ होतं, पण त्याच्याकडे कुणी बघत नसे. ते आपल्या लहरीनं चाले. वेळ कळायची ती कर्ण्यातून. ‘सात पंधराची डोंगराकडची गाडी अजून फलाटावर लागलेली नाही. ती एकोणीस मिनिटं उशिरा सुटेल. चालकाचा चहा संपायचा आहे.’ एवढं ऐकू आलं की कँटीनमध्ये कपबशी खणकन वाजायची, चालक तोंड पुसत धावत सुटायचा आणि बाकांवरची माणसं पोट धरून हसायची. काचेच्या खोलीत माइकसमोर बसलेली बाई मात्र हसत नसे. तिनं विनोद केलेलाच नसे. जे होतं ते सांगितलं, एवढंच.

सगळे तिला मिनिटकाटा म्हणत. अकरा वर्षं ती त्या खोलीत होती, आणि शेवटचे काही आठवडे सोडले तर लोक तिला बाप्या समजत होते. ती समजणाऱ्यांची चूक. ती जी होती ती तेव्हाही होतीच.

लहानपणी ती जेवताना ताटातल्या भाजीला भात लागू देत नसे. दार आपटलं की कानावर हात ठेवून कोपऱ्यात बसे. सदऱ्याची कॉलर मानेला करवतीसारखी लागते म्हणून रडे. पण गाड्यांचं वेळापत्रक एकदा वाचलं की शेवटच्या ओळीपर्यंत पाठ. शाळेतल्या बाईंनी हात टेकले, तेव्हा आई तिला मोठ्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी कागदावर ‘स्वमग्न’ असा शब्द लिहिला आणि या लेकराच्या डोक्याची घडण वेगळी आहे, असं समजावून सांगितलं. आईनं कागद नीट घडी करून पेटीत ठेवला. घरात निदान मारणं तरी थांबलं.

नवव्या वर्षी एका सकाळी, आई भांडी घासत असताना, ती म्हणाली होती की मी मुलगी आहे. आवाज तोच, गाडी फलाटाला लागली हे सांगावं तसा. आईनं मान हलवली, भावानं खोखो हसून घेतलं, आणि ती गोष्ट भाजी-भाताच्या, कॉलरीच्या गाठोड्यात बांधून टाकली गेली. ती पुन्हा बोलली नाही. एकदा सांगितलेली गोष्ट पुन्हा का सांगायची, असं तिला वाटे. प्रवासी दहादा विचारतात, पण ते प्रवासी असतात. घरच्यांनी तर ऐकलं होतं.

मग एका सोमवारी ती मऊ सुती ड्रेस घालून कामाला आली. केस वाढवून मागं बांधले होते. हजेरीपटावरचं नाव बदलण्याचा अर्ज तिनं कंट्रोलर साहेबांच्या टेबलावर ठेवला, कागदाच्या कडा टेबलाच्या कडेला जुळवल्या आणि माइक सुरू केला. सहा चाळीसची गाडी त्या दिवशी वेळेवर होती.

साहेब माणूस वाईट नव्हते, पण वरून आलेल्या कागदापुढे त्यांचा कणा मेणाचा होई. आठवडाभरात दोन तक्रारी आल्या. एकीत लिहिलं होतं, काचेआड बाई दिसते आणि आवाज पुरुषाचा येतो, प्रवाशांचा गोंधळ होतो. साहेबांनी ती तिला वाचून दाखवली. ती म्हणाली की बाई बोलत असेल तर तो आवाज बाईचाच झाला, यात गोंधळ कसला. शेजारच्या खिडकीवर तिकिटं देणारी बाई फसकन हसली आणि म्हणाली, “घ्या. मिनिटताईंनी गाडी सोडली.” तेव्हापासून मिनिटकाट्याची मिनिटताई झाली.

वरच्या कचेरीला मात्र हसू आलं नाही. त्यांनी तिला आपल्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडे धाडलं. त्या अधिकाऱ्यांनी विचारलं, आत नेमकं काय वाटतं? ती म्हणाली, आत पंखा फार वाजतो. त्यांनी ते लिहून घेतलं. पेटीतला जुना कागद मागवून घेतला आणि अहवाल दिला. या व्यक्तीच्या डोक्याची घडण वेगळी आहे, सबब स्वतः कोण आहोत याबद्दल तिच्या सांगण्यावर विसंबता येत नाही. कपड्यांचा हट्ट कापडाच्या स्पर्शामुळे असावा. त्यावरून वरून हुकूम आला. झालं ते आजारपणाच्या भरात झालं असं लिहून सही करावी, जुना गणवेश घालावा, माइक राहील. नाहीतर पार्सलखोलीत बदली.

पार्सलखोलीला पत्र्याचं छप्पर होतं. तिथं दिवसभर लोखंडी पेट्या आपटत, हातगाड्या किंचाळत. साध्या माणसाचं डोकं उठे, तर तिचं काय होईल हे सगळ्यांना ठाऊक होतं. हुकूम लिहिणाऱ्यालाही असावं.

संध्याकाळी भाऊ आला. आई गेल्यापासून तो महिन्यातून एकदा येई, खुर्चीच्या टोकावर बसे आणि घड्याळ बघे. या वेळी तो टेकून बसला. एक सही करायला काय हात झिजतो का, म्हणाला. पोटासाठी माणसं काय काय लिहून देतात. आणि तो डॉक्टर म्हणतो त्यात चूक काय? भात, कॉलर, वेळापत्रक आणि आता हे, सगळे एकाच माळेचे मणी.

ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत, पुन्हा गुंडाळत होती. विचार करताना तिचे हात असेच चालत.

“दादा,” ती म्हणाली, “कॉलर टोचायची ती मी कात्रीनं कापली. तुला आठवतं. आईनं तुलाच मारलं होतं, तुझा सदरा समजून. कॉलर कापल्यावर टोचणं थांबलं. सदरा तरीही माझा झाला नाही.”

भाऊ पुन्हा खुर्चीच्या टोकावर सरकला. त्याला ती कात्री आठवत होती, तो मारही आठवत होता. जाताना त्यानं दार आपटू नये म्हणून हातानं धरून हळूच लावलं.

दुसऱ्या दिवशी वरचे अधिकारी स्वतः आले. साहेबांच्या खोलीत तिला बसवलं, कागद पुढं सरकवला, पेनाचं टोपण काढून दिलं. तिच्या भल्यासाठीच सगळं चाललंय, हे त्यांनी तीनदा सांगितलं. ती भिंतीकडे बघून बोलली. माणसाच्या डोळ्यांत बघत बोलणं तिला जमत नसे, आणि खोटं बोलणंही.

“या डोक्यात एकशे बारा गाड्या आहेत. अकरा वर्षं तुम्ही एकही पडताळून पाहिली नाही, कारण हे डोकं चुकत नाही असं तुम्हीच म्हणता. तेच डोकं सांगतं की मी बाई आहे. माझं अर्धं डोकं कामाचं आणि अर्धं आजारी, असं कुठं असतं का? जे नाही ते मी माइकवर बोलत नाही. कागदावरही लिहिणार नाही.”

तिनं टोपण पेनाला लावलं, पेन कागदाशी समांतर ठेवलं आणि विचारलं, पार्सलखोलीची पाळी किती वाजता सुरू होते.

पहिले पंधरा दिवस तिनं नुसत्या पेट्या उचलल्या. कानात कापूस कोंबला, वरून जाड फडकं बांधलं. दुपारी डोकं भणभणायचं तेव्हा ती मालाच्या ढिगाआड बसून डुलत राही, मग उठून पुन्हा कामाला लागे. माइकवर नवा कारकून आला होता. त्याचा आवाज गोड होता. प्रत्येक गाडी ‘लवकरच येत आहे’ असं तो म्हणे. सकाळची लवकरच येणारी गाडी दुपारी लवकरच येई. माणसं वैतागली, दोघांची लग्नं चुकली, एका म्हातारीनं कारकुनाला काचेवर काठी वाजवून त्याची लायकी सांगितली.

मिनिटताई पाळी संपली की घरी जात नसे. चार नंबरच्या फलाटासमोरच्या बाकावर बसे, ओढणीचं टोक गुंडाळत. पहिल्यांदा त्या म्हातारीनंच ओळखलं. विचारलं, बाई, नदीकडची कधी? ताई म्हणाली, तेवीस मिनिटांनी, मागचं चाक बदलतायत. तेवीस मिनिटांनी गाडी आली. दुसऱ्या दिवशी बाकाभोवती पाच जण होते, चौथ्या दिवशी पन्नास. एकेकाला सांगण्यापेक्षा ती बाकावर उभी राहून सांगू लागली. कर्णा नव्हता, काच नव्हती, आवाज कुणाचा ते सगळ्यांना दिसत होतं. गोंधळ कुणाचाच झाला नाही. एका नव्या प्रवाशानं भावाला विचारलं, हे कोण? भाऊ हल्ली रोज संध्याकाळी बाकाशी येऊन उभा राही.

“माझी बहीण आहे,” तो म्हणाला. “विचारा तिला. चुकणार नाही.”

शेवटी साहेब आले. बाकावर उभं राहण्याला मनाई आहे, खाली उतर, म्हणाले. ताईनं सांगितलं, नियम एकेचाळीस. बाकावर झोपू नये, स्वयंपाक करू नये, सामान ठेवू नये. उभं राहून खरं बोलू नये असं त्यात नाही. साहेबांनी नियमावली मागवली. एकेचाळिसावा नियम वाचला, चाळिसावा वाचला, बेचाळिसावाही वाचला. लोक वाट बघत राहिले. मग त्यांनी चारवर उभ्या असलेल्या गाडीच्या धिप्पाड चालकाला बोलावलं आणि बाईंना उतरवायला सांगितलं.

चालक बाकापाशी आला आणि डोकं खाजवत थांबला. हा तोच चहासाठी गाडी थांबवणारा चालक.

ताईनं घड्याळाकडे पाहिलं नाही. घसा खाकरला.

“पाच वीसची डोंगराकडची गाडी अकरा मिनिटं उशिरा सुटेल,” ती म्हणाली. “चालकाला कंट्रोलर साहेबांनी मला खाली उतरवायला पाठवलं आहे.”

सगळा तळ हसला. चालक सगळ्यांत आधी हसला, आणि पळत जाऊन गाडीत बसला. गाडी चार मिनिटांतच सुटली. ताईनं लगेच दुरुस्ती सांगितली, कारण चूक तिला सहन होत नाही.

तो कागद अजून वरच्या कचेरीत पडून आहे. सहीची जागा कोरी आहे. मिनिटताई दिवसभर पेट्या उचलते आणि संध्याकाळी बाकावर चढते. माइक परत कधी मिळणार, असं कुणी विचारलं तर ती एकच सांगते. ती वेळ माझ्याकडे नाही, वरच्या कचेरीकडे आहे, आणि तिथला चहा अजून संपलेला नाही.