मरी म्हणजे पिल्लू

"मान फिरवा की! पडदा मोठा हाय, एका जागी बघून कसं भागंल?"

आमच्या शाळेतल्या प्रत्येक मुलानं हे वाक्य एकदा तरी अंधारात ऐकलेलं आहे. सोलापूर शहराबाहेर घुमटासारख्या पडद्याचं एक थिएटर आहे. तिथे रानातल्या सिंहांवरचा माहितीपट लावतात. आमच्या सहावीची सहल दर वर्षी तिथेच जाते, कारण बाहेर डबे खायला चांगली सावली आहे. तिथे दारावर तिकिटं फाडणारे आणि बॅटरी दाखवून खुर्चीत बसवणारे एक गृहस्थ होते. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. मुलं बॅटरीकाका म्हणत, मग मीही तेच म्हणायला लागले.

माहितीपट इंग्रजीत होता आणि आमच्या मुलांचं इंग्रजी 'मे आय कम इन'च्या पुढे सरकलेलं नव्हतं. म्हणून दार लावलं की काका भिंतीला टेकून मराठीत सांगायला लागत. हे त्यांचं काम नव्हतं, त्यांना कोणी सांगितलंही नव्हतं.

"राजाबिजा काय न्हाय बरं का. दिसभर लोळतंय. शिकार बायका करत्यात, आन् जेवायला ह्यो पयला."

यावर मुलांपेक्षा आमच्या शिपाईमावशीच जोरात हसत.

माहितीपटात एक लंगडं पिल्लू आहे. पाणी आटतं, कळप चालायला लागतो आणि ते मागे मागे पडत जातं. मग ते दिसेनासं होतं. शेवटी सगळा कळप उंच गवतात शिरतो आणि दिवे लागेपर्यंत पडद्यावर नुसतं ते गवतच दिसत राहतं.

इथे काकांना हमखास भरतं यायचं. त्यांचं गाव अक्कलकोटच्या पलीकडे, घरात कन्नड. भरात आले की मराठी सुटायची. "मरी नोड्री, मरी!" असं ओरडत ते बॅटरीचा झोत पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात टाकायचे.

मी पहिल्यांदा सहल घेऊन गेले, तेव्हा हे ऐकून माझ्या वर्गातल्या एका मुलीनं भोकाड पसरलं. "बाई, मेलं! काका म्हणतायत, मरी!"

काका खुर्च्यांमधून वाट काढत आले आणि तिच्यापाशी उकिडवे बसले. "आगं बाळा, मरी म्हंजे पिल्लू. नोड्री म्हंजे बघा. आमच्या भाषेत मरी जगतंय. त्ये बघ, गवत हललं का न्हाय? मागनं येतंय की."

सगळ्या वर्गाच्या माना डावीकडे वळल्या. गवत हललं, हे चाळीसच्या चाळीस मुलांनी बघितलं.

मला मात्र राग आला. निवेदक इंग्रजीत काय म्हणाला ते मी नीट ऐकलं होतं. विज्ञानाच्या सहलीत मुलांना खोटं सांगायचं म्हणजे काय? बाहेर येऊन मी अभिप्रायाची वही मागितली. वही काकांनीच आणली, वर पेनही दिलं. 'कर्मचारी मुलांना चुकीची माहिती' एवढं मी लिहिलं, तोवर ते मान तिरकी करून वाचत होते.

"ह्ये वर गेलं की माजं बोलनं बंद, बाई," ते म्हणाले. "लिवा, माजं काय न्हाय. पर आदी सांगा, इंग्रजीत त्यो काय म्हनतोय?"

"ते पिल्लू पुन्हा दिसलं नाही, असं म्हणतोय."

"व्हय. दिसलं न्हाय म्हनतोय. मेलं, असं कुटं म्हनतोय?"

मी वहीवरून पेन उचललं.

"क्यामेऱ्यानं मान फिरवली न्हाय, त्यात पिल्लाचा काय दोष?"

विज्ञानाची बाई मी, पण दिसलं नाही म्हणजे संपलंच, असं मी बिनदिक्कत धरून चालले होते. लाज वाटली. ती ओळ खोडली आणि खाली लिहिलं, 'मराठीतून समजावतात. चालू ठेवावे.'

तेव्हापासून आमची गट्टी जमली. माणूस भलता चौकस. एकच माहितीपट रोज बघूनही त्यांचा बघून झालेला नसायचा. गेल्या वर्षी त्यांनी मला दारातच अडवलं.

"बाई, सिंह पानी पितो तवा जीभ वर वळतीय का खाली?"

"वर. चमच्यासारखी," मी ठोकून दिलं.

"न्हाय हो. खाली वळतीय, मागच्या अंगाला. रोज बघतोय की."

घरी येऊन मी मांजरापुढे बशीत दूध ठेवलं आणि फरशीवर पालथी पडून बघितलं. जीभ खालीच वळत होती. "काय हरवलं गं?" सासूबाईंनी विचारलं. "अक्कल," मी म्हटलं. तुमचंच बरोबर निघालं, हे काकांना सांगायचं म्हणून मी वर्षभर थांबले.

यंदा दारावर एक तरुण मुलगी होती. "ते येत नाहीत आता," ती म्हणाली. ऑफिसात विचारलं. एक जण म्हणाला, मोहोळला लेकीकडे गेले. दुसरा म्हणाला, दवाखान्यात होते, पुढचं माहीत नाही. ऑफिसातून मिळालेला काकांचा नंबर लागला नाही.

आत गेलो. माहितीपट आता मराठीत केलाय, अगदी पुस्तकातल्यासारख्या स्वच्छ मराठीत. कळप गवतात शिरला आणि निवेदक म्हणाला, 'ते पिल्लू पुन्हा दिसले नाही.' कुठूनही बॅटरीचा झोत आला नाही.

शेजारच्या मुलीनं माझा हात घट्ट धरला. "बाई, मेलं का?"

"दिसलं नाही म्हणतोय," मी म्हटलं. माझा आवाज मलाच चिरका वाटला. "मेलं, असं कुठं म्हणतोय? मान फिरवा की! मरी नोड्री, मरी!"

"मरी म्हणजे?"

"पिल्लू. ते बघा, डावीकडे. गवत हललं."

सगळ्या माना डावीकडे वळल्या. माझी तेवढी मागे, दाराकडे वळली.