नाईल नदीची ओटी

देव आहे, यावर माझा विश्वास पहिल्यापासून आहे. तो आपल्या घरच्या कामात लक्ष घालतो, यावर मात्र नव्हता. खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात नोकरी झाली. तिथे सगळं दोनदा तपासायचं आणि मगच हात लावायचा. त्यामुळे रोज गणपतीपुढे हात जोडले, तरी भरवसा स्वतःवरच. निवृत्तीनंतर आम्ही दोघं इजिप्तला निघालो, तेव्हा बायकोचं इन्सुलिन, शिवाय तिच्या रक्तातली साखर एकदम उतरली तर तोंडात टाकायला खडीसाखरेची पुडी, हे सगळं मीच बांधलं. परक्या मुलखात हिला काही झालं तर काय, ही एकच धास्ती होती.

आस्वानला शिडाच्या होडीतून नाईल नदी फिरायची ठरली. वारा असा सुटला की शीड टरारून फुगलं आणि होडी एका अंगावर कलून सुसाट निघाली. मी तर लहान पोरासारखा ओरडलोच. हडपसरच्या ट्रॅफिकमध्ये अर्धं आयुष्य काढलेला माणूस मी. एवढं पाणी, एवढं आभाळ आणि हॉर्न एकही नाही, म्हणजे चैनच होती. ही पदर खोचून माझ्याहून ऐटीत बसलेली. होडीत साडी कशाला, असं मी सकाळी विचारलं होतं.

"अहो, एवढी मोठी नदी. तिची ओटी भरायला काय पँट घालून जाऊ?" असं उत्तर मिळालं.

नारळ, तांदूळ, खण, हळदकुंकू, सगळं तिनं पुण्याहून आणलं होतं. नदीच्या मधोमध तिनं ते मनोभावे वाहिलं. नारळ डुलत डुलत प्रवाहाबरोबर पुढे गेला. मी फोटो काढले, थोडी थट्टाही केली.

आणि वारा पडला. शीड लोंबायला लागलं. जेवण पलीकडच्या काठावर होतं आणि हिचं इन्सुलिन तर घेऊन झालेलं. नावाड्यानं वल्ही मारायला घेतली, पण काठ काही जवळ येईना. बोलता बोलता ही गप्प झाली. कपाळावर घाम, हात थरथरायला लागलेले. मी म्हणालो, "पर्समधली खडीसाखर काढ लवकर."

ती ओशाळून माझ्याकडे बघत राहिली. "ओटीत गोड काहीच नव्हतं हो. पुडी नदीला वाहिली मी."

रागवायलाही सवड नव्हती. बिस्किटं हॉटेलवर राहिलेली, नावाड्याजवळ नुसतं पाणी. तो उभा राहून हाका मारू लागला. मी हिचं डोकं मांडीवर घेतलं. हात लावून तपासावं असं काही उरलंच नव्हतं. एरवी मी देवाला प्रार्थनेतही सूचना द्यायचो. त्या वेळी एकही सुचली नाही. 'ही तुझी आहे,' एवढंच म्हणालो आणि ढसाढसा रडलो.

इंजिनाचा आवाज आला. खालच्या अंगानं एक मोटरबोट थेट आमच्याकडे येत होती. पुढे एक जाडजूड, हसरी बाई उभी आणि तिच्या हातात आमचा नारळ. तो वाहत येताना तिला दिसला, प्रवाहाच्या वरच्या अंगाला आमची एकच होडी होती; चुकून पडला असेल असं समजून ती बिचारी परत द्यायला आली होती. हिला बघताच तिचं हसू मावळलं. मी तोंडाकडे हात नेत "शुगर, शुगर" म्हणत राहिलो. तिनं पिशवीतून उसाच्या रसाची बाटली काढली, आमच्या होडीत आली आणि स्वतःच्या हातानं हिला घोट घोट रस पाजला.

हळूहळू हिच्या डोळ्यांत ओळख आली. आनंदानं मी त्या नावाड्यालाच मिठी मारली. याला कुणी योगायोग म्हणेल. म्हणू दे, मी वाद घालणार नाही. औषधं मी अजूनही दोनदा तपासतो, कारण ते माझं काम आहे. त्यापुढचं आता देवावर सोपवतो आणि फार हलकं वाटतं.

निघताना त्या बाईनं नारळ उचलून हिच्या मांडीवर ठेवला. आमच्याकडची रीत तिला काय ठाऊक. हिनं मात्र तो दोन्ही हातांनी पदरात घेतला आणि वाकून तिला नमस्कार केला. सवाष्णीची ओटी भरतात ती तिचं सौभाग्य टिकावं, नवऱ्याला आयुष्य मिळावं म्हणून. त्या दिवशी भर नदीत ओटी हिची भरली गेली आणि आयुष्य मला मिळालं, हिच्यासकट.