पट्टा बांधल्यावरचं एक मिनिट

भूल देणाऱ्या डॉक्टरकडे एवढे किस्से जमतात कसे, असं मला बरेच जण विचारतात. पेशंट तर झोपलेला! खरंय. पण झोपण्याआधी एक मिनिट असतं, आणि माझा सगळा साठा त्या एका मिनिटातला आहे. ते मिनिट मला मंदाताईंनी दिलं. मंदाताई म्हणजे नाशिकच्या आमच्या छोट्या हॉस्पिटलातल्या ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर, मूळच्या घोटीच्या. आजही ड्यूटीवर आहेत, आणि हे वाचून माझ्यावर रागावणार आहेत.

* * *

मी नवीन होते तेव्हाची गोष्ट. निफाडचे एक द्राक्षबागायतदार हर्नियासाठी आले होते. दुसऱ्या दिवशी राउंडला आमच्या सर्जननी (त्यांना आम्ही नुसतं 'सर' म्हणतो) विचारलं, टाके दुखतायत का?

"टाक्यांचं काय नाय डॉक्टर. पण झोपवायच्या आधी त्या बाईनं हातात मिरची सोडली ना, ती लय झोंबली."

ती बाई म्हणजे मी, सरांच्या मागेच उभी होते.

झोपेचं ते दुधासारखं औषध शिरेतून जाताना कित्येकांना झोंबतं. 'थोडं झोंबेल हं' म्हणायचं आणि देऊन टाकायचं, अशी आमची पद्धत. त्या दिवशी चहाच्या वेळी मंदाताईंनी मला बाजूला घेतलं. तरुणपणी त्यांच्या छातीतली गाठ काढली होती. गाठ साधी निघाली, व्रणही पुसट झाला. पण हातातली ती आग आणि 'हात हलवू नका' म्हणून ओरडलेला आवाज त्या विसरल्या नव्हत्या. "मॅडम, काही करता येत नाही का?" त्यांनी विचारलं.

येत होतं, म्हणून तर लाज वाटली. हाताला वर पट्टा आवळायचा, शीर बधिर करणारं औषध थोडंसं सोडायचं, एक मिनिट थांबायचं, पट्टा सोडायचा आणि मग झोपेचं औषध द्यायचं. मी वाचलेलं होतं. थांबायला तेवढा वेळ नव्हता.

* * *

दुसऱ्या दिवसापासून मंदाताईंचा एक हात पेशंटच्या हातात आणि डोळे भिंतीवरच्या घड्याळावर. सरांना घाई फार. 'झालं का?' सुरू झालं की मंदाताई मान न वळवता म्हणायच्या, "मिनिट व्हायचंय." थिएटरमध्ये एसटीचा कंट्रोलर आणून बसवलाय, अशी सरांची कुरकुर चालायची.

मग सरांनाच अपेंडिक्स झालं. ऑपरेशनला दुसरे सर्जन आले, भूल द्यायला मी. पट्टा बांधून चाळीस सेकंद झाल्यावर मी मुद्दाम म्हटलं, "सर, तुम्हाला घाई असते, देऊन टाकू का?"

"वीस सेकंद राहिलेत," सर म्हणाले. घड्याळ त्यांच्या डोक्यामागे होतं. पठ्ठ्या मनात मोजत होता!

* * *

मिनिट रिकामं जाऊ नये म्हणून मंदाताई पेशंटला काहीतरी विचारतात. उत्तर लांबलचक हवं, ही एकच अट. कळवणच्या एका मावशींना त्यांनी नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, पापडांबद्दल विचारलं. मावशी रंगात आल्या. "पण खरी गोम निराळीच हाय," त्या म्हणाल्या. "पिठात ना..." आणि झोपल्या.

ऑपरेशन झाल्यावर मी, मंदाताई आणि चक्क सरसुद्धा त्यांच्या उशाशी उभे. मावशींनी डोळे उघडले. पिठात काय, असं मंदाताईंनी विचारलं.

"मघाशी सांगितलं ना एकदा," मावशी म्हणाल्या आणि कूस बदलून झोपल्या.

* * *

मखमलाबादकडच्या एक आजी फुलांची शेती करायच्या. आधीच्या ऑपरेशनचा धसका इतका, की हात चादरीखाली लपवून आल्या. झोंबलं तर सांगा, म्हटलं. जागं होताच त्यांनी हात पुन्हा लपवला. "आता झोंबनार का?"

ऑपरेशन झालंसुद्धा, हे पटायला त्यांना वेळ लागला. आठवड्यानं टाके काढायला आल्या त्या शेवंतीची टोपली घेऊन. सर सवयीनं पुढे झाले. "तुम्हाला नाय," आजी म्हणाल्या आणि टोपली माझ्या हातात दिली. ती टोपली खरं तर मंदाताईंची. त्यांचे माझ्यावर किती उपकार आहेत, हे मला त्या दिवशी नीट कळलं.

* * *

गेल्या वर्षी मंदाताईंना पुन्हा गाठ लागली, दुसऱ्या बाजूला. सुईच्या तपासणीत नक्की कळेना, म्हणून काढून बघायचं ठरलं. मंदाताई मला एवढंच म्हणाल्या, "मॅडम, मिनिट पाळाल ना?"

टेबलावर मी पट्टा बांधला, शीर बधिर करायचं औषध सोडलं. नवी सिस्टर घड्याळाकडे बघत उभी राहिली. मंदाताईंचा हात गार पडला होता. तो धरायला कुणी नव्हतं. इतकी वर्षं त्या जागी त्याच उभ्या राहायच्या.

सर अजून हात धुवायला गेले नव्हते. त्यांनी स्टूल ओढलं, शेजारी बसले आणि मंदाताईंचा हात हातात घेतला. "सिस्टर, घोटीला भाताची लावणी कुठवर आली?"

मंदाताई सांगू लागल्या. भावाचं खाचर, वहिनीची कंबर, वरच्या तुकड्यात कमी पडलेली रोपं. आवाज आधी कापत होता, मग हळूहळू नेहमीसारखा झाला.

"सर, मिनिट झालं," नवी सिस्टर म्हणाली. मी पट्ट्याकडे हात नेला.

सरांनी घड्याळाकडे पाहिलंही नाही.

"थांबा जरा. त्यांचं सांगून व्हायचंय."