लाल शाईचा शेरा

आमच्या भागात निम्मी माणसं एक जूनला जन्मली आहेत. म्हणजे शाळेच्या रजिस्टरात तसं आहे. पोराला शाळेत घालायला आलेल्या बापाला तारीख सांगता यायची नाही, मग गुरुजी एक जून टाकून मोकळे व्हायचे. मुखेड तालुक्यातल्या एका शाळेत मी अठ्ठावीस वर्षं क्लार्क होतो आणि या एक जूनवर माझा कधीच विश्वास बसला नाही. कशावरच बसला नाही म्हणा. कुणी आधार कार्ड आणलं की मी ते उजेडात धरायचो, झेरॉक्स दिली की मूळ प्रत मागायचो. बायको म्हणते, लग्नात अंतरपाट धरला होता तेव्हाही तुम्ही खालून वाकून बघितलंत, नवरी तीच आहे का म्हणून. बघितलं होतं. त्यात हसण्यासारखं काय आहे मला कळत नाही.

अशा माणसाच्या ताब्यातल्या इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या चोरीला गेल्या.

कॉम्प्युटरच्या खोलीतल्या दोन बॅटऱ्या. शाळेच्या सामानाची नोंद असते त्या डेडस्टॉक रजिस्टरवर सही माझी, म्हणून आधी चौकशी माझीच. पुढं तिघं सापडले. दोघं बाहेरचे, मोठे. तिसरा आमचाच, नववीतला. अंगानं काडी, म्हणून खिडकीचा गज वाकवून त्याला आत सोडलं होतं. मोठ्यांचं प्रकरण कोर्टात गेलं. हा पंधरा वर्षांचा. त्याला नांदेडला बाल न्याय मंडळापुढं नेलं, काही आठवडे निरीक्षणगृहात ठेवलं आणि मग आईच्या हवाली केलं. अट एवढीच, की शाळा बुडवायची नाही आणि वर्षभर शाळा सुटल्यावर तासभर थांबून आवारातली झाडं सांभाळायची.

माझं डोकंच फिरलं. "जिथं चोरी केली तिथंच राखण? ही शिक्षा आहे का बक्षीस?" मी मुख्याध्यापिका मॅडमना विचारलं.

"शिक्षा नाहीच ती," मॅडम म्हणाल्या. "त्याला माणसात आणायचंय."

"चार वर्षं आत बसू द्या की आधी. मग आणा माणसात."

मॅडम हजेरीपटाकडं वळल्या. पण मी गप्प बसणारा नव्हे. त्याच आठवड्यात जनरल रजिस्टर उघडलं. त्यात प्रत्येक पोराची एक ओळ असते, दाखल झाल्यापासून शाळा सोडेपर्यंतची. शेवटचा रकाना शेऱ्याचा, तो बहुतेकांचा कोराच राहतो. त्याच्या रकान्यात मी लाल शाईनं लिहिलं, की चोरीच्या गुन्ह्यात निरीक्षणगृहात होता. कुणी सांगितलं नव्हतं. रजिस्टर खरं असावं, असं मी मनाला सांगितलं. लिहून झाल्यावर बरं वाटलं, हेही खरंच.

मग वर्षभर डोळ्यांत तेल घालून त्याच्यावर नजर ठेवली. टेबल फिरवून खिडकीकडं तोंड करून घेतलं. तो बादली घेऊन कडुनिंबाकडं निघाला की मी पेन खाली ठेवायचो. तो वेळेवर यायचा, उलट बोलायचा नाही, आणि तेच मला खटकायचं. एवढं सरळ कोण वागतं? नक्की कुठंतरी पाणी मुरतंय, असं मी शिपायाला सांगायचो. शिपाई म्हणायचा, "सर, मुरतंय ते झाडाला."

एकदा तो दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, "सर, कॉम्प्युटरच्या खोलीचा गज अजून हालून राह्यलाय. मी तिथूनच गेल्तो. बसवून घ्या."

चोर स्वतःची वाट दाखवतो म्हणजे त्याला दुसरी सापडली असणार. मी त्या दुपारी शाळेच्या बाकीच्या सगळ्या खिडक्यांचे गज हातानं ओढून बघितले. एकही हलला नाही. माझा संशय आणखी वाढला.

गज बसवायला वेल्डर आला तेव्हा गज धरून उभा राहायला हाच पुढं. वेल्डरनं त्याला काळा चष्मा दिला, एक टाका मारू दिला. त्या दिवसापासून त्याला दुसरं काही सुचेना. दहावी झाली की लातूरला मामाकडं राहायचं आणि आयटीआयला वेल्डिंग शिकायचं, एवढंच बोलायचा. मी म्हणालो, गज तोडायलाही तीच विद्या लागते. तो हसला नाही. मला वाटलं होतं हसेल.

दहावी पास झाला. टीसी न्यायला आला. टीसीवर खाली छापलेलंच असतं, की वरील माहिती जनरल रजिस्टरप्रमाणे आहे. मी ओळ जशीच्या तशी उतरवली, शेऱ्यासकट. त्यानं कागद दोन्ही हातांनी घेतला आणि न वाचता प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला.

तिसऱ्या दिवशी त्याची आई आली. अंगणवाडीत मदतनीस आहे ती. लातूरहून एसटीनं थेट शाळेत आलेली. तिनं टीसी माझ्या टेबलावर ठेवली.

"आयटीआयच्या खिडकीवरल्या मानसानं वाचली अन् बाजूला सारली. म्हनला, असली पोरं आमी घेत न्हाई. परवा शेवटचा दिस हाय."

"रजिस्टरात आहे ते लिहावंच लागतं," मी म्हणालो.

"नांदेडवाल्यांनी सोडलं माझ्या लेकराला, सायेब. तुमी कवा सोडनार?"

मी नियम सांगायला लागलो. तेवढ्यात मॅडम कपाटातून एक फाइल घेऊन आल्या आणि बाल न्याय मंडळाचा आदेश माझ्यापुढं धरला. त्यात स्पष्ट लिहिलं होतं, की या प्रकरणाचा उल्लेख मुलाच्या कोणत्याही दाखल्यात येता कामा नये. कोपऱ्यात आवक क्रमांक, शाळेचा शिक्का आणि खाली माझी सही. जगाचे कागद उजेडात धरणाऱ्या मी हा एक कागद शिक्का मारून न वाचताच फाइलला लावला होता. मला त्या बाईकडं बघवेना.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं नांदेडला गेलो. शिक्षण कार्यालयात स्वतःच्या हातानं अर्ज लिहिला, की नोंद माझ्या चुकीनं झाली आहे, दुरुस्तीला परवानगी मिळावी. साहेबांनी विचारलं, "इतक्या वर्षांत पहिलीच चूक?" मी म्हणालो, "पहिली सापडलेली." दुपारपर्यंत परवानगी घेऊन परतलो. तो मुलगा शाळेच्या पायरीवर बसला होता.

त्याच्यासमोरच नवी टीसी लिहिली. या वेळी त्यानं ती पिशवीत घातली नाही. प्रत्येक रकान्यावर बोट ठेवून वाचली. उलटून मागची बाजू बघितली. मग खिडकीशी जाऊन उजेडात धरली.

"रजिस्टर दावा, सर."

मी दाखवलं. रजिस्टरात खाडाखोड चालत नाही. एकच आडवी रेघ मारायची, बाजूला सही करायची, आणि खालचं वाचता आलं पाहिजे असा नियम आहे.

"वाचता येतंय की," तो म्हणाला.

"रजिस्टर माझ्या कपाटात असतं. माझ्याशिवाय कोण उघडणार?"

त्यानं मान वर करून माझ्याकडं बघितलं. त्याच्या नजरेत माझ्यावरचा विश्वास एवढासाही नव्हता. मी वर्षभर त्याच्याकडं असंच बघत होतो.

त्याला प्रवेश मिळाला. आता कोर्स संपत आलाय, असं त्याची आई सांगते. ती बोलते माझ्याशी, पण बसा म्हणत नाही.

गेल्या महिन्यात मी निवृत्त झालो. चार्ज घ्यायला आलेला क्लार्क तरुण आहे, कामाला चोख. किल्ल्या घेतल्यावर त्यानं आधी जनरल रजिस्टर काढलं आणि एकेक पान उलटू लागला. एका पानावर थांबला.

"ह्या रेघेखाली काय हाय, सर?"

"माझी चूक आहे," मी म्हणालो. "वाचू नका."

त्यानं माझ्याकडं संशयानं बघितलं. मग रजिस्टर उचललं आणि खिडकीशी नेऊन उजेडात धरलं.