शनिवारची दाढी

आमच्या पॅकिंग हॉलच्या दारात सुपरवायझर कापसाचा बोळा घेऊन उभा असायचा. प्रत्येकाच्या गालावरून तो बोळा खालून वर फिरवायचा. खुंटाला कापूस अडकला की माणूस परत. तोंडावर कापलेलं किंवा पुरळ दिसलं तरी परत, कारण आत औषधाच्या गोळ्या भरायचं काम चालायचं आणि उघडी जखम तिथं चालत नव्हती. परत म्हणजे कारखान्याच्या मागं, गाडीत खोकी चढवायला.

मी तीन महिन्यांच्या कच्च्या नोकरीवर होतो. माझी शाळा आठवीत सुटलेली. घर चंद्रपूरच्याही पुढं. अशा माणसाला चिकलठाण्याच्या या औषध कारखान्यात आतलं, स्वच्छ काम मिळालं होतं, आणि ते जाईल या धास्तीनं मी गेटमध्ये शिरायच्या आधी दोनदा गालावर हात फिरवून बघायचो. तरी दोनदा परत गेलो. एकदा कापूस अडकला म्हणून, एकदा हनुवटीखाली रक्त साकळलेलं दिसलं म्हणून.

"लई नाजूक कातडं हाय राव तुझं," दुसऱ्या वेळी सुपरवायझर म्हणाला. "तिसऱ्यांदा असं झालं तर माझ्या हातात काय नाय बघ. कागद वर जातो."

तो वाईट माणूस नव्हता. त्यानं आधी सांगितलं, हे मी उपकारच मानले.

राहायला मी पुंडलिकनगरात होतो, एका निवृत्त कारकुनाच्या गच्चीवरच्या खोलीत. त्यांना मी काका म्हणायचो, त्यांच्या बायकोला काकू. किती शिकलास, असं त्या दोघांनी मला कधी विचारलं नाही. पाण्याचा नळ खाली अंगणात आणि नळाच्या वर खिळ्याला आरसा. म्हणून माझी दाढी काकांच्या डोळ्यांसमोर व्हायची. अंगाचा साबण हातानं गालावर चोळायचा आणि प्लास्टिकचं रेझर ओढायचं, एवढंच मला येत होतं.

एका रविवारी ते म्हणाले, "अरे, दाढी करतोयस की कढई घासतोयस?"

मी कापसाची गोष्ट सांगितली. ते उठून आत गेले आणि कागदात गुंडाळलेली दाढीच्या साबणाची नवी वडी, एक स्टीलची वाटी, त्यांचा जुना ब्रश आणि एक जड, लोखंडी रेझर घेऊन आले. "राहू दे तुझ्याकडं. माझ्याकडं दुसरा सेट आहे."

मला वाटलं, जितकं पाणी तितका फेस. मी वडी वाटीत टाकली, वर पाणी ओतलं, ब्रश बुचकळला आणि घुसळायला लागलो. फेस भराभर वाटीबाहेर आला. मोठे मोठे बुडबुडे. गालाला लावून रेझर उचलेपर्यंत निम्मे फुटून वाळले होते.

"हे धुणं झालं," काका म्हणाले. "पाणी ओतून दे. ब्रश झटक. अजून झटक. आता वडीवर नुसता फिरव, आणि कान दे."

आधी खरखर आवाज येत होता. मिनिटभर फिरवल्यावर तो बारीक झाला, मग बंदच पडला. वाटीत सायीसारखं काहीतरी जमलं होतं. चंदनाचा मंद वास येत होता. ते गालावर थापल्यावर जागचं हललं नाही.

"आता रेझर दाबायचं नाही. त्याला त्याचं वजन आहे. वरून खाली एकदा, मग परत फेस लावून आडवं. खालून वर कधीच नाही. तुझं कातडं तसलं नाही."

शेवटी त्यांनी तुरटीचा खडा दिला. ओल्या गालावर फिरवला तशी दोन ठिकाणी आग झाली. काका म्हणाले, "तिथं तू दाबलंस."

तो आठवडा बरा गेला. कापूस अडकला नाही, कुठं कापलंही नाही. शुक्रवारी संध्याकाळी कामावरून आलो आणि वाटी घेऊन परत नळावर बसलो.

"सकाळी केलीस ना?" काकांनी विचारलं.

"उद्या शनिवार आहे, काका."

आमच्या घरी शनिवारी दाढीला कुणी हात लावत नाही. आई मारुतीचा उपवास धरते. मी शुक्रवारी संध्याकाळी दाढी करून घ्यायचो, आणि ती दुसऱ्या दिवशी पुरावी म्हणून खालून वर, दोन-तीनदा खरवडायचो. दुसऱ्या दिवशी, त्या शनिवारीच, माझे तीन महिने भरत होते.

काका म्हणाले, "तुला दोनदा परत पाठवलं, ते वार कुठले होते?"

मला आठवायला वेळ लागला नाही. दोन्ही शनिवार. पहिल्यांदा शुक्रवारची दाढी रात्रीतून वाढली म्हणून कापूस अडकला. दुसऱ्यांदा जोर लावला म्हणून रक्त आलं. हे माझ्यासमोर होतं आणि मी ते कधी जोडून बघितलं नव्हतं.

"पण तुम्ही पण शनिवारी करत नाही," मी म्हणालो.

"आत्ता करत नाही. कचेरीत होतो तोवर करत होतो. शनिवारी अर्धा दिवस असायचा, साहेब समोर."

स्वयंपाकघराच्या खिडकीतून काकू म्हणाल्या, "आणि निघताना मारुतीच्या तसबिरीला सांगून जायचे, आल्यावर माफी मागतो म्हणून!"

"मग? मागत होतोच की."

"मागत होते, जेवून झोप काढल्यावर."

मी वाटी धुऊन वर नेली. त्या संध्याकाळी दाढी केली नाही.

शनिवारी सकाळी वाटी घेऊन नळावर बसलो. ब्रशचा आवाज बंद होईपर्यंत थांबलो. वरून खाली एकदा, मग आडवं. तुरटी फिरवली, कुठंच झोंबली नाही. काका ओट्यावर पेपर वाचत होते. त्यांच्या गालावर पांढरे खुंट होते. त्यांनी वर बघितलं नाही.

दारात सुपरवायझरनं कापूस फिरवला. परत एकदा फिरवला. "काय, लगीन हाय का आज?"

"नाय."

"मग जा की आत. उभा काय राहिलास?"

दुपारी कागदावर सही झाली. नोकरी पक्की.

संध्याकाळी आईला फोन लावला. नोकरीचं ऐकून ती आधी रडली, मग मारुतीले नारळ फोडीन म्हणाली. आणि मग, दर शनिवारी विचारते तसंच, "आज दाढी तं नाही केली ना?"

नाही म्हणणं सोपं होतं. "केली," मी म्हणालो. "आज केली म्हणून आत घेतलं, आई."



"कापलं तं नाही ना बापा?"

"नाही."

"मंग करत जाजो," ती म्हणाली. "पण हळू करजो."