शेंगदाण्याची पुडी

"चटणी काय वैनी, कुठल्याबी मिक्सरात होती," साताऱ्यातल्या मिक्सरच्या दुकानाचे मालक माझ्या शेजारी उभ्या बाईंना सांगत होते. मी पर्समधली पुडी आणखी आत ढकलली.

ती पुडी आईने रविवारी कडेगावच्या स्टँडवर दिली होती. एसटी सुरू झाली तरी ती खिडकीखालून हलत नव्हती. पुडीत भाजलेले शेंगदाणे, लसूण, तिखट, मीठ. "दुकानातच फिरवून बघ. पीठ झालं तर घिऊ नगं. अन् लाजत बसू नगं, तोंडानं सांग त्यास्नी."

नोकरीसाठी साताऱ्याला आले त्याला दीड वर्ष झालं. खोलीत इंडक्शन आहे, किटली आहे. चटणी मात्र आईच उखळात कुटायची, आणि महिन्याला एक स्टीलचा डबा भरून द्यायची. माझं घर हल्ली त्या डब्याएवढंच उरलं होतं. आता आईचा खांदा धरलाय, डॉक्टरांनी कुटणं बंद केलंय. गेल्या महिन्यात डबा रिकामाच परत आणला.

तोंडानं सांगणं मला कधी जमलं नाही. कराडच्या इंग्लिश मीडियम शाळेत पहिल्याच आठवड्यात मी "न्हाई मिस" म्हणाले आणि अख्खा वर्ग हसला. तेव्हापासून प्रत्येक वाक्य आधी मनात तपासते. तोवर बोलायची वेळ निघून जाते. ऑफिसात बऱ्याच जणांना मी पुण्याची वाटते.

"बोला मॅडम."

"ट्रायल मिळेल का?" म्हणत मी पुडी काउंटरवर ठेवली.

"अगं बया, घरनं आणलंय!" वैनी वाकून बघू लागल्या. "शानी हाय पोरगी."

मालकांनी सगळं लहान भांड्यात ओतलं, झाकण दाबलं आणि बटण थेट तीनवर नेलं. लसणाचा वास दुकानभर झाला. आई दर पाच-सहा घावांनी थांबायची, चिमूट उचलून बोटांत चोळायची. दाणा बोटाला लागला की उखळ बाजूला. मालक मात्र थांबेचनात. पारदर्शक झाकणातून दिसत होतं, दाणे खाली बसत होते, कडेला पीठ चिकटायला लागलं होतं.

वाक्य तपासायला वेळच नव्हता.

"आवं, थांबा की! लय बारीक करू नगा. आमच्या घरी भरडच लागती."